आज्ञा आणि श्रद्धा

शाळेची घंटा होते, मुले रांगा धरून उभी राहतात. राष्ट्रगीत होते, प्रतिज्ञा होते आणि मग पुष्कळ शाळांतून एखादी प्रार्थना म्हटली जाते. तेरा-चौदा वर्षांचा विद्यार्थी हात जोडतो, डोळे मिटतो. तो हे श्रद्धेने करतो की आज्ञेने, असे त्याला कोणी विचारीत नाही. आणि विचारलेच तर काय उत्तर द्यावे हे त्याला सुचणार नाही, कारण श्रद्धा आणि आज्ञा या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत हेच त्या वयापर्यंत त्याच्या कानी पडलेले नसते.

हात जोडले म्हणून काय बिघडले, असे म्हणणारे सज्जन गावोगाव आहेत. खबरदार हात जोडलेस तर, असे घरून बजावून पाठविणारे आपल्या समाजात आहेत. पहिले मास्तरांच्या बाजूचे, दुसरे बापाच्या बाजूचे. मुलाच्या बाजूने बोलणारा मात्र या वादात सहसा आढळत नाही. आमच्या मते येथे कसोटी एकच आहे. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक नाही, त्याच्या होकाराला श्रद्धा हे नाव देता येत नाही. ही कसोटी शाळेला लागू आहे, मंदिराला, मिशनला आणि आश्रमाला लागू आहे, आणि ती आमच्या विहारालाही तितकीच लागू आहे.

हा विचार हवेतील वाटू नये म्हणून एक घडलेले उदाहरण घेऊ. अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले; लोकांच्या तोंडी तो नगर जिल्हाच आहे. या जिल्ह्यात सुमारे शंभर वर्षांपूर्वी शाळकरी मुलांच्या श्रद्धेचा एक प्रयोग झाला. नगर शहराच्या दक्षिणेस, दौंडच्या रस्त्यावर अरणगाव आहे. तेथे पहिल्या महायुद्धाच्या काळातील एक ओस पडलेली लष्करी छावणी होती. पुण्यात १८९४ साली एका इराणी जरथुष्ट्री कुटुंबात जन्मलेले मेरवान शेरियार इराणी, म्हणजेच श्री. मेहेर बाबा, यांनी तेथे आपल्या अनुयायांसह वस्ती केली. तेच आजचे मेहेराबाद. १० जुलै १९२५ रोजी त्यांनी जे मौन धरले, ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देहावसान होईपर्यंत सोडले नाही. आजही दर ३१ जानेवारीस त्यांच्या समाधीपाशी देशोदेशींचे भक्त जमतात.

त्याच १९२५ साली त्यांनी मेहेराबादेत गावच्या मुलांसाठी एक विनामूल्य शाळा काढली आणि तिला पुण्याच्या हजरत बाबाजान या मुसलमान संत स्त्रीचे नाव दिले. या शाळेत अस्पृश्यांची मुले घेतली जात, आणि बाबा स्वतः त्यांना न्हाऊ घालीत. ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतो. त्या काळी महार-मांगाच्या पोराच्या अंगाला पाणी लावणारा हात नगर जिल्ह्यात दिवा घेऊन शोधावा लागला असता. ज्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे.

१ मे १९२७ रोजी मेहेराबादेतच ‘मेहेर आश्रम’ हे मुलांचे वसतिगृहयुक्त विद्यालय सुरू झाले. राहणे, जेवणे, कपडे, शिक्षण, सारे फुकट. हिंदू, मुसलमान, पारशी, इराणी अशी सर्व धर्मांची मुले तेथे आली. काही तर थेट इराणातून आणली गेली. पुढे त्यांची संख्या शंभराच्या घरात गेली. प्रारंभी हे विद्यालय इतर विद्यालयांसारखेच होते. परंतु १९२७ सालच्या अखेरीस गुरूंनी मुलांना ईश्वरप्रेमाचा उपदेश सुरू केला, आणि १९२८ च्या आरंभी काही विलक्षण घडू लागले. मुले तासन्‌तास रडू लागली. काही शुद्ध हरपून पडू लागली. काहींना अभ्यास नको झाला, खेळ नको झाला, गुरूंच्या दर्शनावाचून दुसरे काहीच सुचेना. अशा निवडक मुलांना वेगळे ठेवण्यात आले आणि त्या विभागास ‘प्रेमाश्रम’ म्हणू लागले. १९२८ च्या मध्यास हा सारा संसार नेवासे तालुक्यात प्रवरा-गोदावरीच्या संगमावर टोके येथे हलविला गेला. वर्षअखेरीस तो परत मेहेराबादला आला आणि १९२९ च्या प्रारंभी विद्यालय बंद झाले.

अनेक आईबापांची छाती दडपली, यात नवल नाही. मुलगा शिकावयास पाठविला आणि तो वैरागी होऊन बसला, अशी त्यांची भावना झाली. काहींनी मुले परत नेली. एका मुसलमान घरातील मुलाला वडील पुन्हा पुन्हा घरी घेऊन गेले, आणि तो पुन्हा पुन्हा आश्रमात परत आला. ही हकीकत रामजू अब्दुल्ला या शिष्याने १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘सॉब्ज अँड थ्रॉब्ज’ या इंग्रजी पुस्तकात नोंदली आहे. पुस्तक भक्ताचे आहे, तेव्हा त्यात मुलाचे पळून येणे हा ईश्वरप्रेमाचा विजय आहे आणि बापाचा विरोध हा संसाराचा मोह आहे. बापाने पुस्तक लिहिले असते तर तेच प्रसंग उलट्या अर्थाने आले असते.

या साऱ्या प्रकरणात गुरू बोलले, बाप बोलला, चरित्रकार बोलला. मुलाकडून घेतले गेले ते फक्त त्याचे अश्रू. मुले ढोंग करीत होती असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ते अश्रू खरे होते असेच धरून चालू. परंतु अश्रू खरे असले म्हणजे निवड स्वतंत्र होती असे सिद्ध होत नाही. त्या मुलाचे जेवण, त्याचे अंथरूण, त्याचा शिक्षक, त्याचे सोबती आणि त्याला मिळणारी शाबासकी, हे सर्व एकाच हातून येत होते. शेजारचा मुलगा रडतो आहे आणि आपल्याला रडू येत नाही, म्हणजे आपलेच काही उणे आहे, असे चौदा वर्षांच्या पोराला वाटणार नाही तर कोणाला वाटेल? आणि ज्याला ही माया नको होती, तो तेथे कोणाजवळ जाऊन ‘मला नको’ म्हणणार होता? बाहेर पडण्याचा रस्ता घरी जात होता, आणि घरी दुसरी आज्ञा वाट पाहत होती. दोन आज्ञांच्या मध्ये त्या मुलाचे स्वतःचे असे हातभर अंगण नव्हते.

मोठ्या माणसांचीही स्थिती याहून फार निराळी नसते. अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९६१-६२ साली केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. अधिकारी वाटणाऱ्या गृहस्थाने शांतपणे ‘पुढे चला’ म्हटले, एवढ्यावर ४० सुजाण पुरुषांपैकी २६ जणांनी समोर न दिसणाऱ्या माणसाला विजेचा शेवटच्या दर्जाचा झटका देण्याचे बटन दाबले. (झटके खोटे होते, पण दाबणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते.) आम्हांस मात्र त्यांच्याच दुसऱ्या एका प्रयोगाचे महत्त्व अधिक वाटते. त्यात शेजारी बसलेल्या दोन सोबत्यांनी मध्येच ‘आम्ही हे करणार नाही’ असे म्हणून अंग काढून घेतले. तेव्हा ४० पैकी अवघे चार जण शेवटपर्यंत गेले. नकार देणारा एक जण डोळ्यांसमोर दिसला तर इतरांचे हात मोकळे होतात. प्रेमाश्रमात असा मुलगा दिसण्याची सोय नव्हती, आणि आपल्या बहुतेक शाळांच्या प्रार्थनेच्या रांगांतही ती नसते.

याच १९२७ साली, मेहेर आश्रम निघण्यापूर्वी सहा आठवडे, २० मार्च रोजी महाडला आमच्या लोकांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला होता. आणि नगरच्या माळावर मुलांना रडू फुटण्याच्या सुमारासच, २५ डिसेंबर रोजी, महाडला मनुस्मृती जळाली. एकाच प्रांतात, एकाच वर्षी, कोणी आज्ञा मोडावयास शिकत होते आणि कोणी आज्ञेत विरघळावयास शिकत होते. श्रद्धा दोन्हींकडे होती.

नगर जिल्ह्याला ही गोष्ट नवीही नव्हती. अमेरिकन मराठी मिशन नगरास आले ते १८३१ साली. त्यांच्या शाळांतून आमच्या पूर्वजांना अक्षर मिळाले हे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मिस फरार यांची नगरची मुलींची शाळा पाहूनच आपणही अशी शाळा काढावी असे जोतीराव फुल्यांच्या मनाने घेतले, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. तथापि मिशनच्या शाळेत मुळाक्षर आणि येशूची प्रार्थना एकाच हाताने दिली जाई, आणि ज्याला मुळाक्षर हवे त्याने प्रार्थनाही घ्यावी, असा तो व्यवहार होता. भुकेल्या समाजाच्या मुलाने ती प्रार्थना म्हटली तर त्यात त्याची श्रद्धा किती आणि शिकण्याची भूक किती, याचा हिशेब आज कोणी मांडू शकणार नाही.

पण याच मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे पत्र, जे १८४२ साली नगरास सुरू झाले, त्याच पत्राने १८५५ साली एका विद्यार्थिनीचा निबंध छापला. ती मुक्ता साळवे, जोतीराव व सावित्रीबाईंच्या पुण्याच्या शाळेत शिकणारी मांग जातीची मुलगी, वय सुमारे चौदा वर्षांचे. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्मग्रंथ कोणता, आणि ग्रंथ नाही तर आमचा धर्म तरी कोणता, असा रोकडा प्रश्न तिने विचारला. प्रेमाश्रमातील मुलांएवढेच तिचे वय! आणि ध्यानात घ्यावयाचे ते हे की ती नास्तिक नव्हती. तिचा प्रश्न देवालाच होता. धर्माविषयी बोलण्याचा अधिकार तिला शास्त्राने दिला नव्हता आणि जातीनेही दिला नव्हता. तो शाळेने दिला, म्हणजे प्रश्न विचारला म्हणून छडी न उगारणाऱ्या शिक्षकांनी दिला. मिशनऱ्यांचे प्रार्थनापाठ किती मुलांनी पाठ केले त्याची आज कोणास आठवण नाही. या मुलीचा निबंध दीडशेहून अधिक वर्षे लोक वाचीत आहेत.

हेच दृश्य परमपूज्य बाबासाहेबांच्या स्वतःच्या घरात एकदा घडले होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी त्यांनी जी प्रस्तावना लिहिली, पण जी पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही, तीत त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. वडील सुभेदार रामजी कबीरपंथी, धर्मनिष्ठ आणि कडक. ते मुलांना महाभारत-रामायणातील भाग वाचावयास लावीत. एके दिवशी भीमरावाने विचारले की ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा गौरव आणि शूद्र-अस्पृश्यांची हेटाळणी आहे, ते आम्ही का वाचावेत? सुभेदारांस ते रुचले नाही. तुम्ही अजून पोरे आहात, सांगितले ते करावे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. घरात बापाची सत्ता निरपवाद होती. एवढे बोलण्याची सवलत घेऊ शकत होता तो एकटा भीमराव, आणि तीही आई लहानपणीच वारली होती म्हणून.

परंतु गोष्ट तेथे संपली नाही. काही काळाने मुलाने तोच प्रश्न पुन्हा काढला, आणि या वेळी वडिलांनी कारण सांगितले. आपण अस्पृश्य, तेव्हा मुलांच्या मनात न्यूनगंड निर्माण होण्याचा संभव. द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांच्यासारखी लहान स्थितीतून वर आलेली माणसे या ग्रंथांत आहेत, ती पाहून तो न्यूनगंड जावा, असा त्यांचा हेतू होता. मुलाचे समाधान झाले नाही. महाभारतातील एकही थोर पुरुष आपल्याला आवडत नाही, असे त्याने स्पष्ट सांगून टाकले, आणि रामालाही सोडले नाही. सुभेदार गप्प राहिले. आपल्या घरात बंड उभे राहिले आहे हे त्यांनी ओळखले, पण ते चिरडले नाही. त्याच सुमारास कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्या मुलाच्या हाती स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले होते.

१९५६ च्या दीक्षाभूमीचा विचार करताना आम्हांस राहून राहून वाटते की त्या सोहळ्याच्या पायातील एक दगड सुभेदारांचे ते मौन आहे. आज्ञा करणारा बाप होता, पण आज्ञेचे कारण विचारल्यावर कारण देणारा, आणि कारण पटले नाही तर गप्प बसणाराही तोच बाप होता. असा बाप परळच्या चाळीत, फौजी शिस्तीत वाढलेल्या घरात, शंभरावर वर्षांपूर्वी होता. आज आपल्या घरी तो किती ठिकाणी सापडेल?

आता कायद्याकडे वळू, कारण घरात प्रश्न विचारण्याची मोकळीक आणि शाळेतील मोकळीक या दोन्हींची गाठ तेथे पडते. घटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाचा मसुदा घटना समितीपुढे आला तेव्हा बाबासाहेबांनी त्यामागची कारणे सांगितली. करदात्यांच्या पैशातून एखाद्या धर्माची शिकवण देता येणार नाही. या देशात इतके धर्म व पंथ आहेत की सर्वांची सोय करणे अशक्य. आणि प्रत्येक धर्म मोक्षाचा रस्ता आपलाच म्हणतो, तेव्हा त्यांची भांडणे शाळेत आणू नयेत, असा त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ होता. म्हणून ज्या शाळेचा सर्व खर्च सरकार करते तेथे धार्मिक शिक्षण मुळीच देता येत नाही. जी संस्था सरकारमान्य किंवा अनुदानित आहे, तेथे विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घेण्यास लावावयाचे तर त्याची संमती हवी, आणि तो अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालील असेल तर त्याच्या पालकाची. निरनिराळ्या धर्मांची माहिती अभ्यास म्हणून देण्यास यात प्रतिबंध नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे, आणि ते योग्यच आहे. बुद्ध, येशू आणि महंमद कोण होते हे न शिकता मुलाने शाळा सोडावी असे कोण म्हणेल?

‘अज्ञान असेल तर पालकाची’ या शब्दांवर वाचकांनी क्षणभर थांबावे. मास्तरांच्या हातातील किल्ली घटनेने काढून घेतली, पण ती दिली बापाच्या हाती. मुलाच्या हाती ती अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत येत नाही. १९८९ सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात याच्या पुढचे पाऊल आहे. त्याचा चौदावा अनुच्छेद विचार, सदसद्विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य बालकाचे स्वतःचे मानतो, आणि आईबापांना मार्गदर्शनाचा अधिकार देतो तो बालकाच्या वाढत्या कुवतीशी सुसंगत राहील इतकाच. भारताने हा करार १९९२ साली स्वीकारला. सात वर्षांचे मूल आणि सोळा वर्षांचा तरुण यांना एकाच दाव्याने बांधू नये, एवढे साधे ते शहाणपण आहे.

केरळात १९८५ साली यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातील तीन भावंडांना शाळेतून काढून टाकण्यात आले. ती दहावी, नववी आणि पाचवीत शिकत होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी त्यांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला. हा निर्णय विवेकस्वातंत्र्याच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहावा असा आहे, आणि आमचा त्यास मनःपूर्वक पाठिंबा आहे. तरीही एक शंका मनात येतेच. मुख्याध्यापकांची आज्ञा न मानणारी ही मुले घरी आईबापांची आज्ञा न मानू शकली असती काय? पाचवीतल्या मुलीला एके सकाळी मैत्रिणींबरोबर गावेसे वाटले असते, तर तिच्यासाठी कोणते न्यायालय होते? निकालात याचे उत्तर नाही. ते तेथे असण्याचे कारणही नव्हते. ते उत्तर आईबापांनीच द्यावयाचे असते.

आपल्याकडे, नगरच्या शेजारी नाशिकास, एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला. शाळेने ती बेशिस्त ठरविली आणि त्याची वरची वेतनश्रेणी अडली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली निर्णय दिला की शिक्षकावर अशी सक्ती करता येणार नाही. तो प्रौढ, नोकरदार, कायदा जाणणारा मनुष्य होता, तरी त्याला वर्षानुवर्षे झगडावे लागले. त्याच रांगेत उभ्या असलेल्या आठवीच्या मुलाने काय करावे? महाराष्ट्रातील शाळांत २६ जानेवारी २०२० पासून घटनेच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचन सुरू झाले, याचा आम्हांस आनंद वाटला. पण श्रद्धा आणि उपासनेचे स्वातंत्र्य देणारी ती उद्देशिकाही मुले जर छडीच्या धाकाने, अर्थ न कळता, मंत्रासारखी घोकणार असतील, तर ती आणखी एक प्रार्थनाच झाली म्हणावयाची.

दुसऱ्यांस इतके सुनावल्यावर आपल्या घरात डोकावणे क्रमप्राप्त आहे. भगवान बुद्धांनी या प्रश्नाचा विचार केला होता काय? होय, केला होता, आणि विनयपिटकातील महावग्गात तो नियमरूपाने नोंदलेला आहे. राहुलाला प्रव्रज्या दिली गेली तेव्हा आजोबा शुद्धोदनांनी येऊन आपले दुःख सांगितले. पुत्र गेला, आता नातूही गेला; हे दुःख कातडे-मांस भेदून हाडापर्यंत जाते. ते ऐकून भगवंतांनी नियम केला की आईबापांच्या अनुमतीवाचून मुलास प्रव्रज्या देऊ नये. प्रेमाश्रमाच्या प्रकरणात बापाने जे मागितले असते ते येथे अडीच हजार वर्षांपूर्वी मान्य झाले होते.

परंतु दुसरी कथा त्याहून बोधप्रद आहे. राजगृहात उपाली नावाचा मुलगा होता. आपल्या मागे याचे कसे होईल, याची त्याच्या आईबापांना चिंता. लेखन शिकविले तर बोटे दुखतील, हिशेब शिकविला तर छाती दुखेल, नाणी पारखावयास शिकविले तर डोळे दुखतील. त्यापेक्षा भिक्खू झालेला बरा, आयते खाऊन सुखाने राहील! उपालीने हे ऐकले आणि आपल्या सोळा सवंगड्यांना घेऊन निघाला. सतरा घरांनी आनंदाने अनुमती दिली. भिक्खूंनी मुलांना उपसंपदा दिली. पहाटे मुले उठली आणि पेज द्या, भात द्या म्हणून रडू लागली. तो गलका भगवंतांनी ऐकला, चौकशी केली, भिक्खूंची कानउघाडणी केली आणि नियम घातला की वीस वर्षांच्या आतील व्यक्तीस उपसंपदा देऊ नये. म्हणजे मुले राजी होती, आईबाप राजी होते, संघही राजी होता, तरीसुद्धा नाही! पालकांची अनुमती आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. आपली घटना जेथे थांबते त्याच्या पुढे विनय एक पाऊल गेलेला आहे.

आणि आम्ही? बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दीक्षा घेतली. स्वतःच्या मनाची खात्री करून घेण्यास त्या महापुरुषाने एकवीस वर्षे घेतली. त्यांची नातवंडे-पतवंडे म्हणविणारे आपण सहा वर्षांच्या मुलाकडून त्रिशरण-पंचशील म्हणवून घेतो, त्याचे चलत्‌चित्र काढून नातेवाइकांत फिरवितो आणि मुलगा बौद्ध झाला असे समजतो. सोळाव्या वर्षी तो म्हणाला की मला वंदनेला यावयाचे नाही, तर ‘बाबासाहेबांनी आपल्यासाठी एवढे केले आणि तू?’ हे एक वाक्य त्याच्या तोंडावर फेकतो. हा युक्तिवाद नव्हे, ही दटावणी आहे. कालाम सुत्त जयंतीच्या व्यासपीठावरून दरवर्षी ऐकविले जाते. गुरू सांगतो म्हणून मानू नका, हे त्यातील कलम ऐकविणाऱ्यालाच एखाद्या पोराने शंका विचारली तर त्याला खाली बसविण्यात येते.

आपल्या मुलांनी आणखीही एक धडा गिरविलेला आहे. १९९० साली केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती लागू करीपर्यंत पुष्कळ आईबापांनी शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू’ लिहिले आणि घरी बुद्धवंदना केली. त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. भाकरीचा प्रश्न होता आणि अन्याय कायद्याचा होता. पण धर्म म्हणजे कारकुनाच्या खिडकीशी प्रसंग पाहून लिहावयाची बाब, अशी समजूत त्यातून एका पिढीच्या मनात रुजली. तिचे मूल आज हात जोडावे की न जोडावे असे विचारते तेव्हा बापाला उत्तर सुचत नाही, याचे एक कारण हे आहे.

म्हणून व्यवहाराचे दोन शब्द. ज्या शाळेत एखाद्या धर्माची उपासना होते आणि आपल्या मुलाला ती सक्तीने करावी लागते, तेथील पालकांनी प्रथम मुलाला विचारावे, आणि ‘तुला हात जोडावयाचे नाहीत ना?’ असे न विचारता ‘तुला काय वाटते?’ असे विचारावे. तो म्हणाला की मला मित्रांबरोबर उभे राहावयाचे आहे, तर राहू द्यावे. आपल्या लढ्याचा झेंडा त्याच्या खांद्यावर देऊन त्याला वर्गात एकटे पाडू नये. तो म्हणाला की मला नको, तर लढाई पालकाने अंगावर घ्यावी. मुख्याध्यापकांच्या नावे साध्या मराठीत अर्ज लिहावा. घटनेच्या अनुच्छेद २८, खंड ३ अन्वये माझ्या पाल्याच्या धार्मिक उपासनेतील सहभागास माझी संमती नाही. तो त्या वेळी शांतपणे उभा राहील किंवा वर्गात बसेल. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा व उद्देशिका यांत तो सहभागी होईल. याहून अधिक मजकुराची गरज नाही. शाळा जिल्हा परिषदेची असेल तर खंड १ चा उल्लेख करून तेथे असे शिक्षण देताच येत नाही हे दाखवून द्यावे. अर्जाच्या दोन प्रती कराव्या, एकीवर शाळेचा शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी.

विहारांच्या चालकांनीही रविवारच्या धम्मवर्गात एक बाक मागे ठेवावा. ज्याला म्हणावयाचे नाही त्याने त्यावर बसून ऐकावे. त्याचे नाव हजेरीपटावरून कमी करू नये, आणि त्याच्या आईला निरोप धाडू नये.